माह्यं नाई

रुपा उईकेचं पहिलं लेकरू बारशाआधी गेलं आणि दुसरं दात यायच्या आधी. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा तिनं कुणाला सांगितलंसुद्धा नाही. पोट लपेनासं झालं तेव्हा टोल्यानं, म्हणजे सगळ्या वस्तीनं, आपलं आपणच ओळखलं. दुधानं तोंड भाजलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, रुपा तर पाणीही फुंकून प्यायला लागली होती. दवाखान्याच्या गोळ्या खाल्ल्या, सुया घेतल्या, बाळंतपण सेलूच्या सरकारी दवाखान्यात केलं. मुलगा झाला. घरी आल्यावर मग म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं तेही करायचं तिनं ठरवलं. का म्हणून काही बाकी ठेवायचं?

हिंगणीच्या पुढं, बोर धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचा गोंडांचा टोला. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, त्या घरातलं लेकरू तिथं उकंड्यावर टाकतात. टाकतात म्हणजे फेकत नाहीत हो! चांगलं धडुत्यात गुंडाळून, सुपात घालून, शेणाच्या ढिगावर ठेवतात. काळाला वाटावं की हे कुणाला नकोसं झालेलं लेकरू, याला नेऊन कुणाचं काळीज जळणार? मग जिची लेकरं जगली-वाचली अशी एखादी बाई येते आणि ते उचलून नेते. सव्वा महिना ते तिचं. आई पाजायला जाते, पण परक्या बाईसारखी. सव्वा महिना झाला की पसाभर कोंडा देऊन आपलंच लेकरू परत विकत घ्यायचं. तोवर कुणी विचारलं, हे कुणाचं, तर आईनं एकच म्हणायचं, माह्यं नाई. चुकून जरी 'माह्यं' म्हटलं तरी काळाच्या कानावर गेलं म्हणून समजायचं.

रुपा आठवीपर्यंत आश्रमशाळेत शिकली होती. हे सगळं खोटं असेल, असं तिलाही वाटायचं. पण खोटं असेल असं वाटणं वेगळं आणि दोन लेकरं मातीत ठेवून आल्यावर ते करून न पाहणं वेगळं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

थंडीचे दिवस होते. नवरा दुर्गेश हिंगणघाटला जिनिंगमध्ये कामाला गेला होता. कापसाचा हंगाम, सुट्टी मिळत नव्हती. उजाडता उजाडता रुपानं सूप उकंड्यावर ठेवलं. ढिगातून वाफा निघत होत्या, चांगली ऊब होती. मागं न पाहता ती कापसाच्या पऱ्हाटीच्या कुडाआड जाऊन उभी राहिली. उचलायला यायची होती रुखमा, तिची चुलतसासू. सात लेकरांची माय, सातही जिवंत. पण नेमकी त्याच वेळी म्हातारीची बकरी सुटली आणि म्हातारी बकरीमागं गेली.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. वाघ पाहायला निघालेले लोक होते. एक जण उतरला, सुपापाशी आला आणि त्यानं मोबाइल काढला. आता त्याला तरी दोष कसा द्यावा? एवढ्या थंडीत उकंड्यावर जिवंत लेकरू दिसलं तर तुम्ही-आम्ही काय केलं असतं? पण लेकरू उचलून घ्यायच्या आधी त्यानं व्हिडिओ काढला, त्याचा राग येतो तो येतोच. मग त्यानं लेकरांच्या मदतीचा नंबर असतो त्या दहा-अठ्ठ्याण्णवला फोन लावला. बायकांनी किती समजावलं तरी गाडीवाले जागचे हलले नाहीत. पोलिसांची जीप आली, तिच्यातून बालसंरक्षणाची एक बाईही आली. टोला गोळा झाला.

"कोणाचं आहे हे बाळ?" पोलिसानं विचारलं.

सगळ्या नजरा आपोआप रुपाकडं वळल्या. तिचे ओले डोळे आणि ओलं पोलकं पाहून आंधळ्यालाही कळलं असतं.

"तुझं आहे का?"

"माह्यं नाई," रुपा म्हणाली.

"खरं सांग."

"माह्यं नाई, साहेब."

तिनं ते अगदी ठामपणे सांगितलं. कारण त्या घडीला लेकरू उघड्यावर होतं, उचलणारी पोहोचली नव्हती, आणि तिच्या हिशेबानं काळ तिथंच कुठंतरी उभा राहून कान देत होता. एवढ्यात रुखमा धापा टाकत आली आणि ओरडली, "माह्यं हाय! लेकरू माह्यं हाय!"

रीत तीच होती. पण सत्तरीची बोळकी बाई आठ-दहा दिवसांच्या लेकराला आपलं म्हणते, हे पाहून पोलीस हसले. बालसंरक्षणाच्या बाईनं मात्र हसण्यावारी नेलं नाही. तिनं रुपाचं म्हणणं लिहून घेतलं, खाली सही मागितली, आणि रुपानं वळणदार अक्षरात सही केली. जीप गेली तेव्हा लेकरू रडत होतं. वळणापर्यंत त्याचा आवाज येत होता.

दुर्गेश दुपारच्या एसटीनं आला आणि कपाळाला हात लावून बसला. "अवो, पोलिसाले तरी सांगाचं होतं!"

"कसं सांगू?" रुपा म्हणाली. "पोलीस का एकटा आयकून राह्यला होता?"

तो ठाण्यात गेला, लेकराचा बाप मी आहे म्हणाला. ते म्हणाले, आता ते आमच्या हातात नाही, बाल कल्याण समितीपुढं जा. आणि हो, लेकरू उघड्यावर टाकणं हा गुन्हा आहे, तुझ्या बायकोवर केस होऊ शकते. गावच्या आशाताईनं सांगितलं, वर्ध्याला कोर्टात गरिबाला फुकट वकील देतात, तिथं जा. असं ते नवरा-बायको आणि सोबत रुखमा, तिघं वकील अपेक्षा ढोकेसमोर येऊन बसले.

अपेक्षा तिशीतली, बोलायला फटकळ. बापानं हमाली करून शिकवलेली, बौद्ध घरातली. घरात ना देव ना देव्हारा, अंगारे-धुपारे म्हटलं की तिच्या कपाळाची शीर उडायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पेन टेबलावर आपटलं.

"आठवी शिकलीस ना? लाज नाही वाटली पोटचं पोर शेणावर ठेवताना? तुझी पहिली दोन कशानं गेली, डॉक्टरनं काही सांगितलं होतं?"

"एक निमोनियानं. दुसरीले जुलाब झालते."

"मग? निमोनियानं गेलं. काळानं नाही."

रुपानं तिच्याकडं पाहिलं. "निमोनिया काळ नाई तं कोन हाय, बाई?"

अपेक्षानं पाण्याचा ग्लास रुपापुढं सरकवला आणि आवाज खाली आणला.

"हे पाहा. दवाखान्यात जन्माची नोंद तुझ्या नावानं आहे. आशाताई सांगेल, बाप सांगतोय. लेकरू तुझंच, हे मी उभ्या-उभ्या सिद्ध करते. पण भानगड तिथं नाहीच. दवाखाना म्हणतो तुझं आणि तू म्हणतेस माझं नाही, तर त्याचा अर्थ काय होतो? आईला लेकरू नको आहे. आईलाच नको असलेलं लेकरू समिती घरी पाठवत नाही. बापाच्या हवाली करावं, तर बाप हंगामभर हिंगणघाटला. मग ते दुसऱ्या कुणाला दत्तक जाईल. तुला समितीपुढं आपल्या तोंडानं म्हणावं लागेल, माझं आहे, मला पाहिजे. बस, एवढंच."

"ते नाई म्हनता येनार."

"अगं, मग नुसती मान हलव!"

"काळ का आंधळा हाय?"

"इंग्रजीत म्हण. तुमच्या काळाला मराठीच येत असेल."

"त्याले समद्या भाषा येतेत, बाई," रुखमा मधेच म्हणाली. "इंग्रजांचेबी लेकरं मरतेच ना."

अपेक्षाला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून तिचा आणखी संताप झाला. दुर्गेश खाली मान घालून बसला होता. रुपानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग तिनं हळूच विचारलं, "दुसऱ्याच्या घरी गेला तं जगन ना तो?"

"जगेल की. चांगली खाती-पिती माणसं असतात."

"मंग जाऊ द्या."

"रुपे!" दुर्गेश ओरडला.

"जाऊ द्या म्हनली ना! मले दिसला नाई तरी चालन. जगला पायजे."

अपेक्षानं रोज नवऱ्यानं टाकलेल्या, सासूनं हाकललेल्या, दारुड्यांच्या हातचा मार खाल्लेल्या बायका पाहिल्या होत्या. पोरासाठी भांडणाऱ्या आया तर किती तरी. पोर जगावं म्हणून त्याच्यावर पाणी सोडायला निघालेली आई तिनं पहिल्यांदाच पाहिली. आणि हिच्यावर आरोप काय, तर निष्काळजीपणाचा! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते तिनं फाइल उघडून लपवलं.

सुनावणीच्या तारखेपर्यंत लेकराला शिशुगृहात ठेवलं होतं, तिथं भेटायची परवानगी अपेक्षानं मिळवून दिली. दुर्गेश जाऊन आला. रुपा गेली नाही. तिथं गेलं की कुणीतरी विचारणारच, आई का तुम्ही म्हणून. तिचं दूध दाटून यायचं, छाती दगडासारखी व्हायची, ताप चढायचा. मग ती वाटीत पिळून ते घरामागच्या मोहाच्या बुडाशी ओतायची आणि तिथंच बसून रडायची. दुर्गेशला वाटलं होतं, चार दिवसांत नरमेल. कुठलं काय.

सुनावणीच्या दिवशी तिघं सकाळच्या एसटीनं वर्ध्याला आले. समितीच्या खोलीत लांब टेबलामागं अध्यक्ष मॅडम आणि तीन सदस्य बसले होते. मॅडम वयस्क, जाड चष्म्याच्या, शाळेत मुख्याध्यापिका असल्यासारख्या. बोलणं मात्र मऊ. अपेक्षानं दवाखान्याची नोंद दाखवली, आशाताईचं म्हणणं वाचून दाखवलं, उकंड्याची रीत समजावून सांगितली. "ही अंधश्रद्धा आहे, मॅडम. ती मला मान्य नाही. पण हा निष्काळजीपणा नाही. लेकरू वाचवण्यासाठी या बाईला जे जे कुणी सांगितलं ते ते तिनं केलं. दवाखान्याचंही केलं आणि म्हाताऱ्यांचंही केलं."

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग साक्षीला उभी राहिली रुखमा. म्हातारी सकाळपासून बोलायला शिवशिवत होती.

"साहेब, ते लेकरू मी उचलनारच होती. सव्वा महिना सांभाळती आन् मंग हिले विकत देऊन टाकती."

एका सदस्याचं पेन थांबलं. "विकत?"

"व्हय तं! फुकट कसं देता येईन? फुकट देल्लं तं लागू पडत नाई. आमी सौदा ठरवलाच होता."

आली का पंचाईत! आगीतून निघून फुफाट्यात. लेकरू टाकल्याची केस राहिली बाजूला, आता लेकराच्या विक्रीची गोष्ट निघाली. सदस्य एकमेकांकडं पाहायला लागले. अपेक्षा खुर्चीवरून उठलीच.

"कशाचा सौदा होता ते विचारा त्यांना, साहेब. कशाच्या बदल्यात देणार होत्या ते विचारा."

"कशाच्या?"

"कोंड्याच्या," रुखमा म्हणाली. तिनं ओंजळ करून दाखवली. "एवढा. कोंबड्याइले टाकतो तो."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. हसू आवरत होत्या की आणखी काही, कळलं नाही. "बसा आजी," त्या म्हणाल्या. मग रुपाकडं वळल्या. "ये बेटा, पुढं ये. तुझी रीत आम्हाला समजली. तुला शिक्षा करायची आमची इच्छा नाही. तू फक्त एवढं सांग. हे बाळ तुझं आहे? तुला ते घरी न्यायचं आहे?"

रुपा उभी राहिली. सगळे तिच्या तोंडाकडं पाहत होते. दुर्गेशनं तर हात जोडले होते, समितीला नव्हे, बायकोला.

"माह्यं नाई," ती म्हणाली.

"रुपा, नीट विचार कर. हे आम्हाला लिहावं लागेल."

"लिहा बाई. चांगल्या घरी द्या त्याले. पोटभर खायाले देनाऱ्याच्या घरी."

अपेक्षानं डोळे मिटून घेतले. मॅडम म्हणाल्या, "बाळाला आणलंय का? एकदा इथं आणा."

शिशुगृहातली बाई बाळाला घेऊन आत आली. निळं टोपडं, स्वच्छ दुपटं, डोळ्यांत काजळसुद्धा. कुणी हयगय केलेली नव्हती. मॅडमनी विचारलं, "कसं आहे?"

"वजन उतरलंय, मॅडम. डॉक्टर दोनदा पाहून गेले. बाटली तोंडात धरत नाही, थोडं प्यायलं की ओकतं." बाईनं दुपटं थोडं बाजूला केलं. "आधी फार रडायचं. आता रडतही नाही."

रुपानं तोवर मान वर केली नव्हती. हे शेवटचं ऐकलं आणि तिनं पाहिलं. मनगटावरची कातडी सैल पडली होती. डोळे उघडे होते, पण कशावर ठरत नव्हते. तिची दुसरी पोरगी अशीच झाली होती. आधी रडली, मग कण्हली, मग नुसती पाहत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी गेली. रडणं थांबलं तेव्हा वेड्या रुपाला वाटलं होतं, बरं वाटायला लागलं पोरीला.

म्हणजे काळ इथवर आलाच होता. ती इतके दिवस तोंड शिवून बसली, दूध झाडाच्या बुडाशी ओतलं, लेकराचं तोंड पाहिलं नाही, आणि तो मेला बसगाडीनं आला की चालत आला कोण जाणे, पण या खोलीत येऊन पोराच्या उशाशी बसला होता. त्याच्यापासून लपवायला आता उरलं तरी काय होतं?

"माह्यं हाय," ती म्हणाली.

आवाज निघालाच नाही. मॅडम पुढं वाकल्या. "काय म्हणालीस?"

"माह्यं हाय!" रुपा ओरडली, आणि ती समितीकडं पाहतच नव्हती. दाराकडं, खिडकीकडं, पंख्याकडं, खोलीच्या चारी कोपऱ्यांकडं ती फिरून फिरून ओरडत होती. "आयकलं का रे? माह्यं हाय! म्या नऊ महिने पोटात ठेवलं हाय त्याले! दोन नेले, तवा म्या रडत बसली. आता ये! ये ना समोर! माह्या हातातून नेऊन दाखव!"

बाहेरचा शिपाई धावत आत आला. शिशुगृहाची बाई घाबरून दोन पावलं मागं सरली, तशी रुपानं पुढं होऊन तिच्या हातातून लेकरू काढून घेतलं. कुणी अडवलं नाही. ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि पदराआड त्याला छातीशी धरलं. त्यानं तोंड फिरवलं, परत फिरवलं. मग चुटूक चुटूक आवाज यायला लागला, आणि एवढी खमकी रुखमा मोठ्यांदा रडली.

मॅडमनी पुरुष सदस्यांना बाहेर जायला सांगितलं आणि लिहायला घेतलं. लेकरू आई-बापाच्या ताब्यात द्यावं. आजच दवाखान्यात दाखल करावं, आईनं सोबत राहावं. पुढं दर आठवड्याला वजन करावं. बालसंरक्षणाच्या बाईनं घरी जाऊन पाहावं. केसचं काय, म्हणून अपेक्षानं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पोलिसांना मी कळवते. तिनं आत्ता जे सांगितलं, तेच तिचं म्हणणं म्हणून लिहिलंय."

दवाखान्यात जायला गाडी यायची होती. दुर्गेश ती पाहायला फाटकाकडं गेला, रुखमा नळावर तोंड धुवायला गेली. रुपा व्हरांड्यातल्या बाकावर लेकराला घेऊन बसली. ते थोडं प्यायचं, थकायचं, परत प्यायचं. तिचा एक हात त्याच्या पाठीवर होता. नजर मात्र त्याच्यावर नव्हती.

अपेक्षा फाइल घेऊन बाहेर आली. "जिंकलीस ना बाई," ती म्हणाली. "आता तरी पोराकडं पाहा. तिकडं दाराकडं काय टक लावून बसलीस?"

"त्यानं आयकलं असन ना आता," रुपा म्हणाली. "येईन तो. आला तं मी जागी असली पायजे."

असं काही नसतं, हे अपेक्षाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिला ते सांगायची सवयच होती. गावोगावच्या शिबिरांत ती तेच सांगत फिरायची. पण पोराच्या अंगात अजून त्राण नव्हतं, वजन अजून वाढायचं होतं, आणि डॉक्टरनंही तिला फोनवर अजून काही खात्री दिली नव्हती.

फाइल मांडीवर ठेवून ती रुपाला लागून बाकावर बसली, दाराकडं तोंड करून.